विश्लेषण : समलैंगिक संबंध ‘पाप’, पण ‘गुन्हा’ नाही? कलम ३७७वर कॅथलिक चर्चची भूमिका नेमकी काय?

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. दोन प्रौढांनी संमतीने, बंद दाराआड ठेवलेला समलैंगिक संबंध पुन्हा गुन्हा ठरला. अनेक धार्मिक संघटनांनी निकालाचं स्वागत केलं. विरोधात उठलेल्या आवाजांत मात्र एक अनपेक्षित आवाज होता. तो होता मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांचा.

समलैंगिक विवाहाला ठाम विरोध करणारं चर्च समलैंगिकांना तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याच्या बाजूने का उभं राहिलं नाही? आणि मुंबईतल्या कार्डिनलच्या शब्दाला परभणीसारख्या जिल्ह्यात काही अर्थ आहे का?

कार्डिनल नेमकं काय म्हणाले होते?

निकालानंतर काही दिवसांतच एशियान्यूज या कॅथलिक वृत्तसंस्थेशी बोलताना ग्रेशियस यांनी भूमिका मांडली. तिचा सारांश असा : समलैंगिकता गुन्ह्यांच्या यादीतून काढायला कॅथलिक चर्चने कधीच विरोध केलेला नाही, कारण चर्चने समलैंगिक व्यक्तींना कधीच गुन्हेगार मानलेलं नाही. प्रत्येक माणसाइतकीच प्रतिष्ठा त्यांनाही आहे आणि त्यांचा छळ, त्यांच्याशी होणारा अन्याय्य भेदभाव चर्चला मान्य नाही. समलैंगिक विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याला मात्र चर्चचा विरोध आहे.

बोलणारा माणूस साधा नव्हता. ग्रेशियस तेव्हा भारतातील सर्व कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे, म्हणजे सीबीसीआयचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी सल्ल्यासाठी नेमलेल्या मोजक्या कार्डिनलांच्या गटातही ते होते. शिक्षणाने ते चर्चच्या कायद्याचे, म्हणजे कॅनन लॉचे डॉक्टरेट. ‘गुन्हा’ हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, असं मानायला जागा नाही.

ही भूमिका त्या दिवशी जन्माला आली नव्हती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नाझ फाउंडेशन’च्या याचिकेवर संमतीच्या संबंधांना कलम ३७७मधून वगळलं, तेव्हा फादर डॉमिनिक इमॅन्युएल यांनीही जवळपास हेच सांगितलं होतं : गुन्ह्याचा शिक्का काढायला गंभीर हरकत नाही, पण हे वर्तन चर्चला नैसर्गिक किंवा नैतिक वाटत नाही.

मग कोर्टात गेलेले ‘चर्चवाले’ कोण?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. दिल्लीच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत ख्रिस्ती संघटना होत्या, हे खरं आहे. अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, ट्रस्ट गॉड मिनिस्ट्रीज ही त्यातली नावं. सोबत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं आणि ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो ते सुरेशकुमार कौशल हे ज्योतिषी होते. एरवी एका मंचावर न दिसणारी ही मंडळी या एका कलमासाठी एकाच बाजूला उभी होती.

त्या यादीत सीबीसीआय नव्हती. भारतात ‘चर्च’ या एका शब्दाखाली कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकोस्टल, ऑर्थोडॉक्स असे वेगवेगळे प्रवाह येतात. त्यांचे प्रमुख वेगळे, शिकवणही काही बाबतींत वेगळी.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कॅथलिक बिशपांची परिषद कलम वाचवायला कोर्टात गेली नाही, तशी ते घालवायलाही गेली नाही. गुन्हा नाही असं म्हणणं आणि गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध वकील उभा करणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर चर्चने कापलं नाही.

परभणीत हे कलम आलं कधी?

भारतीय दंडसंहिता १८६०ची. ब्रिटिश भारतात ती १ जानेवारी १८६२पासून अमलात आली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद, असं कलम ३७७ सांगत होतं. संमती होती की नव्हती, याला तिथे किंमत नव्हती.

परभणी मात्र तेव्हा ब्रिटिश भारतात नव्हतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं, नंतर ते ‘ब’ वर्गाचं राज्य बनलं. ‘ब’ वर्गाच्या राज्यांना भारतीय दंडसंहितेच्या कक्षेत आणणारा कायदा १ एप्रिल १९५१पासून लागू झाला. म्हणजे मुंबईत जवळपास ९० वर्षं जुनं झालेलं इंग्रजी कलम ३७७ परभणीत पोहोचलं ते स्वतंत्र भारताच्या हातून. या कलमाला सरसकट ‘आपली परंपरा’ म्हणणाऱ्यांनी एवढी एक तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

पाप आणि गुन्हा यात चर्च फरक कसा करतं?

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वारकऱ्याला मांसाहार वर्ज्य असतो. घरात तो कुणाला मटण शिजवू देणार नाही. पण गंगाखेडच्या बाजारातलं मटणाचं दुकान पोलिसांनी बंद करावं आणि खाणाऱ्याला दहा वर्षं आत टाकावं, अशी मागणी तो करत नाही. धर्माचा नियम आणि सरकारचा कायदा या दोन गोष्टी आहेत, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

कॅथलिक धर्मशास्त्रात हा फरक लिखित स्वरूपात आहे, तोही जुना. तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी म्हटलं होतं की, माणसांनी केलेला कायदा प्रत्येक दुर्गुणाला बंदी घालू शकत नाही. ज्यामुळे इतरांना इजा होते आणि समाज टिकणंच अवघड होतं, अशा गोष्टींवर त्याने प्रामुख्याने बोट ठेवावं.

या युक्तिवादाचा प्रत्यक्ष कायदा बदलण्यासाठी वापर झाला तो इंग्लंडमध्ये. १९५४मध्ये ब्रिटिश सरकारने समलैंगिकता आणि वेश्याव्यवसाय यांच्याविषयीच्या कायद्यांचा आढावा घेण्यासाठी वोल्फेन्डेन समिती नेमली. तिच्यासमोर मत मांडण्यासाठी वेस्टमिन्स्टरचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड ग्रिफिन यांनी स्वतंत्र सल्लागार समिती बसवली. १९५६मध्ये या कॅथलिक समितीने सांगितलं की, प्रौढांनी संमतीने, खासगीत केलेल्या कृत्यांसाठी शिक्षा नको. ते पाप आहे हे समितीला मान्य होतं, पण पापाचा हिशेब ठेवणं हे सरकारचं काम नाही आणि तुरुंगाने काही सुधारत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

१९५७मध्ये वोल्फेन्डेन अहवालाने हीच शिफारस केली आणि १९६७मध्ये इंग्लंड व वेल्सने कायदा बदलला. त्याच इंग्रजांनी दिलेलं कलम आपल्याकडे मात्र आणखी ५१ वर्षं टिकलं.

आजचं उदाहरण घटस्फोटाचं. कॅथलिक चर्च घटस्फोट आणि त्यानंतरचा पुनर्विवाह मान्य करत नाही. तरी २००१च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या ख्रिस्ती जोडप्यांना परस्परसंमतीने घटस्फोट घेता येतो. असा घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करणाऱ्याला तुरुंगात टाका, असं कोणताही बिशप म्हणत नाही.

‘कधीच गुन्हेगार मानलं नाही’, हे खरं का?

आजच्या शिकवणीपुरतं खरं. इतिहासात मात्र हा दावा टिकत नाही.

१५६८मध्ये पोप पाचवे पायस यांनी फर्मान काढलं की, असं कृत्य करणाऱ्या धर्मगुरूंचा हुद्दा काढून घ्यावा आणि त्यांना शिक्षेसाठी राजसत्तेच्या ताब्यात द्यावं. ती शिक्षा काय असायची, हे त्या काळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हे दूरच्या रोमपुरतं नव्हतं. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशनचं न्यायालय चाललं. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या अधिकारात येणाऱ्या गुन्ह्यांत धर्मद्रोहाबरोबर पुरुषांमधले समलैंगिक संबंधही होते आणि गोव्यातही असे खटले चालले. तेव्हा पाप आणि गुन्हा यांच्यातली रेघ पुसून टाकण्यात चर्चच पुढे होतं.

म्हणून ग्रेशियस यांचं विधान इतिहास म्हणून वाचलं तर चूक ठरतं. चर्चने आता कुठे उभं राहायचं, याची घोषणा म्हणून वाचलं तर त्याचं वजन कळतं.

व्हॅटिकन काय म्हणतं?

कॅथलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ म्हणजे ‘कॅटेकिझम’, १९९२चा. त्यातले २३५७ ते २३५९ हे तीन परिच्छेद या विषयावर आहेत. एकीकडे समलैंगिक कृत्यं मुळातच विपरीत आहेत आणि कोणत्याही परिस्थितीत मान्य करता येणार नाहीत, असं ते सांगतात. दुसरीकडे अशा व्यक्तींना आदराने, करुणेने वागवावं आणि अन्याय्य भेदभावाचं चिन्हही टाळावं, असंही सांगतात. तुरुंगाचा उल्लेख नाही. प्रत्येक बिशप आपल्या सोयीची ओळ इथूनच उचलतो, म्हणून हे तीन परिच्छेद महत्त्वाचे.

डिसेंबर २००८मध्ये संयुक्त राष्ट्रांत फ्रान्सच्या पुढाकाराने एक निवेदन आलं. लैंगिक कलावरून कुणालाही शिक्षा होऊ नये, अशी त्याची मागणी होती आणि ६६ देशांचा त्याला पाठिंबा होता. व्हॅटिकनने पाठिंबा दिला नाही. निवेदनातल्या संज्ञा मोघम आहेत, त्यातून पुढे विवाहाचा हक्क मागितला जाईल, ही भीती होती. मात्र त्याच वेळी, समलैंगिक व्यक्तींवरच्या फौजदारी शिक्षा देशांनी रद्द कराव्यात, असंही व्हॅटिकनने नोंदवलं. भारतानेही तेव्हा सही केली नव्हती.

सर्वांत स्पष्ट शब्द आले जानेवारी २०२३मध्ये. असोसिएटेड प्रेसला दिलेल्या मुलाखतीत पोप फ्रान्सिस म्हणाले की समलैंगिक असणं हा गुन्हा नाही, असे कायदे अन्याय्य आहेत आणि ते संपवण्यासाठी चर्चने काम करायला हवं. या कायद्यांना पाठिंबा देणारे बिशप आहेत, हे त्यांनी मान्य केलं आणि त्या बिशपांनीच बदलण्याची गरज असल्याचं सांगितलं. समलैंगिक कृत्य पाप आहे, ही शिकवण मात्र त्यांनी सोडली नाही.

पोप जे २०२३मध्ये म्हणाले, ते मुंबईच्या आर्चबिशपनी नऊ वर्षं आधी म्हटलं होतं.

पण सगळे बिशप असंच बोलतात का?

अजिबात नाही. युगांडात २००९मध्ये फाशीची तरतूद असलेलं समलैंगिकताविरोधी विधेयक आलं. तेव्हा कंपालाचे आर्चबिशप सिप्रियन ल्वांगा यांनी नाताळच्या संदेशात असं विधेयक अनावश्यक असल्याचं म्हटलं. तीन वर्षांनी तिथल्या ख्रिस्ती परिषदेने ते विधेयक पुढे रेटण्याची मागणी केली, आणि त्या परिषदेत कॅथलिक बिशपही होते. २०२३मध्ये युगांडाने काही प्रकारांत मृत्युदंड देणारा कायदा केलाच.

घानात तर एकाच देशातले कॅथलिक धुरीण आमनेसामने आले. बिशपांच्या परिषदेने कठोर विधेयकाला पाठिंबा दिला होता. मूळचे घानाचेच कार्डिनल पीटर टर्कसन यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये बीबीसीला सांगितलं की समलैंगिकता हा फौजदारी गुन्हा असू नये. त्यांचं ऐकलं गेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये संसदेने विधेयक मंजूर केलं, पण राष्ट्राध्यक्षांची सही झाली नाही.

शिकवण एक, ग्रंथ एक, तरी उत्तरं वेगळी. देशातलं राजकारण कुठल्या दिशेला वाहतंय, त्यावर बरंच ठरतं. मुंबईतल्या कार्डिनलला अल्पसंख्याक समाजाचा प्रमुख म्हणून जगावं लागतं. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. बहुसंख्यांच्या नैतिकतेवर कायदा उभा राहिला तर उद्या तो कुणाकडे वळेल, हे अशा समाजाला वेगळं सांगावं लागत नाही. ग्रेशियस यांनी हे कारण दिलेलं नाही. पण युगांडा-घानातले बिशप आणि भारतातले बिशप यांच्यातला हा फरक नजरेआड करता येत नाही.

लग्नाचं काय?

इथे चर्चचा दरवाजा बंद आहे. २००३मध्ये कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या खात्याने समलैंगिक जोडप्यांना कायदेशीर मान्यता देण्याला विरोध करा, असं कॅथलिक लोकप्रतिनिधींना बजावलं. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलैंगिक विवाहाची सुनावणी सुरू असताना केरळच्या सिरो-मलबार चर्चने केंद्र सरकारच्या विरोधी भूमिकेला साथ दिली. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. हा विषय संसदेचा, असं सांगितलं.

दोनच महिन्यांनी व्हॅटिकनने समलैंगिक जोडप्यांना धर्मगुरूंनी साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. मात्र तो विवाहविधीसारखा दिसता कामा नये, ही अट घातली. आफ्रिकेतल्या बिशपांनी जानेवारी २०२४मध्ये त्यालाही नकार कळवला.

परभणीतल्या कॅथलिक कुटुंबासाठी याचा अर्थ काय?

परभणी जिल्हा कॅथलिक रचनेत औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. १९७७मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढलेला हा धर्मप्रांत मराठवाडा सांभाळतो आणि तो नागपूरच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो. म्हणजे मुंबईचा आर्चबिशप हा परभणीच्या फादरचा साहेब नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरता प्रमुख असतो आणि तो थेट पोपना उत्तरदायी असतो. सीबीसीआयचा अध्यक्षही इतर बिशपांना हुकूम सोडू शकत नाही.

त्यामुळे कार्डिनलचं वाक्य मुंबईत बातमी होतं, पण रविवारच्या प्रवचनात ते पोहोचेलच असं नाही. १८ लाखांच्या जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं मोजकी आणि त्यातली कॅथलिक त्याहून कमी. सगळे एकमेकांना ओळखतात. अशा ठिकाणी वीस-बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आपलं खरं सांगायचं असेल तर भीती पोलिसांची नंतर, आधी घरच्यांची असते. आईवडील सल्ल्यासाठी फादरकडेच जाणार. तिथे फादरने कॅटेकिझममधली ‘विपरीत’वाली ओळ सांगितली की ‘आदर आणि करुणे’ची, यावर त्या घरात पुढे काय होतं ते ठरतं. कायदा बदलला तरी घरात ऐकू येणारा शब्द तसाच राहतो, ही समलैंगिक कॅथलिकांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

पोप फ्रान्सिस यांचं २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झालं. ग्रेशियस त्याआधीच, जानेवारीत, मुंबईच्या पदावरून निवृत्त झाले होते. नवे पोप लिओ चौदावे यांनी सप्टेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सर्वांचं स्वागत असल्याचं सांगितलं, पण लैंगिकता आणि विवाह यांवरची शिकवण नजीकच्या काळात बदलणं फारच कठीण दिसतं, असंही स्पष्ट केलं.

आज कायदा काय आहे?

६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘नवतेजसिंग जोहर’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३७७ पूर्णच गेलं. त्यातून एक पोकळी राहिली आहे. पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी पूर्वी हेच कलम लागायचं, नव्या संहितेत त्याला तसा पर्याय नाही. ऑगस्ट २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याबाबत केंद्राला निर्णय घ्यायला सांगितलं होतं.

या कलमाखाली शिक्षा झालेले लोक थोडेच होते. दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०१३च्या निकालात म्हटलं होतं. पण त्याचा खरा धंदा धमकीचा होता : अॅपवर ओळख काढायची, भेटायला बोलवायचं, फोटो काढायचे आणि ‘३७७ लावू’ म्हणून पैसे मागायचे. आज असं कुणी म्हणत असेल तर त्याला लावायला ते कलमच उरलेलं नाही. उलट भीती घालून पैसे उकळणं ही खंडणी आहे आणि तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ आहे. तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते, आणि कायदेशीर मदतीसाठी परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.